नाव फुल्यांचे, जागा मोटारींची?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईचे नूतनीकरण हा विषय अधूनमधून डोके वर काढतो. कधी दगडी इमारतीच्या डागडुजीच्या निमित्ताने, कधी मेट्रोच्या, कधी निवडणुकीच्या. आणि विषय निघाला की चर्चा फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबते: पार्किंग. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक मंडईकडे फिरकत नाही. पथारीवाले रस्ता अडवतात म्हणून गाडी लावायला जागा नाही. तेव्हा पथारीवाले हटवा, वाहनतळ बांधा, मंडई 'स्वच्छ आणि सुंदर' करा. हा युक्तिवाद इतक्या वेळा कानांवर आदळला आहे की आपल्यातल्या काही शिकल्यासवरल्या पोरांनाही तो पटू लागला आहे. आम्हाला तो मान्य नाही. का मान्य नाही, ते सविस्तर सांगतो.

आधी या मंडईचा इतिहास पाहू, कारण नूतनीकरणवाल्यांच्या तोंडी 'वारसा' हा शब्द फार असतो. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरणारा भाजीबाजार हलवून इंग्रजी राजवटीत ही दगडी मंडई उभी राहिली. १८८६ साली ती खुली झाली आणि त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाऊ लागली. जोतिराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला त्यांचा विरोध होता. तोच पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने शोभेसाठी हजार रुपये खर्चायचे ठरवले, तेव्हा ३२ सभासदांत विरोधी मत देणारे एकटे जोतिराव होते. जनतेचा पैसा दिखाव्यावर जातो की माणसांवर, हा त्यांचा नगरपालिकेतला पहिला आणि शेवटचा प्रश्न होता.

हे जोतिराव बाजाराला परके नव्हते, हेही ध्यानात ठेवा. त्यांच्या घराण्याला 'फुले' हे आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडले. मळ्यात पिकवणे आणि बाजारात विकणे त्यांना घरातून ठाऊक होते. शेतमाल पिकवणारा कसा नागवला जातो, हे त्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडले. म्हणजे मंडईच्या खर्चाला विरोध करणारा हा माणूस भाजी विकणाऱ्यांचा वैरी नव्हता, त्यांच्यातलाच होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलून 'महात्मा फुले मंडई' झाले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचेही तेच. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या आणि महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव मिरवणाऱ्या त्या बाजाराला आज अधिकृतपणे महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. राज्यातल्या दोन मोठ्या शहरांचे दोन नामांकित बाजार एकाच माणसाच्या नावे आहेत. हे नाव पाटीवर लावायचे आणि त्याचा प्रश्न पाटीमागे गाडायचा, असे चालणार नाही.

मंडईच्या चौकाला आणखी एक इतिहास आहे. १९२४ साली येथे लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. त्यानंतर केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत जोतिरावांच्या पुतळ्याचा ठराव मांडला आणि तो फेटाळला गेला. त्याच धामधुमीत दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले, अब्रुनुकसानीचा खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या. अपिलात जेधे-जवळकरांची बाजू मांडून त्यांना सोडवणारे बॅरिस्टर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या शहरात सार्वजनिक जागेवर कोणाचा हक्क, हा वाद जातीला वगळून कधीच झालेला नाही. आज पार्किंगची भाषा तांत्रिक वाटते म्हणून तो वाद संपला असे समजू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एक साधा हिशेब करा. रस्त्याकडेला एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. भाजीची पाटी पुढ्यात घेऊन बसणाऱ्या बाईला चार फूट बाय पाच फूट मिळाले तरी तिचा संसार चालतो. एका मोटारीच्या जागेत अशा सहा बाया बसतात. मोटार तिथे तासभर उभी राहते तेव्हा तिच्यात कोणीही नसते. बाई तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसते आणि तिच्यामागे चार-पाच माणसांचे घर असते. मग रस्ता कोणी अडवला? रिकाम्या पत्र्याच्या डब्याने की जित्या माणसाने?

पण आपल्या नगरांच्या भाषेत उभ्या मोटारीला 'पार्किंगची समस्या' म्हणतात आणि बसलेल्या बाईला 'अतिक्रमण'. समस्या सोडवायची असते, अतिक्रमण हटवायचे असते. मोटार उचलली तर मालक दंड भरून ती घेऊन जातो. पथारी उचलली तर तराजू जातो, माल सडतो, आणि दुसऱ्या दिवशी सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. परवानाधारक पथारीवाला महापालिकेला शुल्क भरतो. शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर मोटार फुकट उभी राहते. जो पैसे देतो तो अतिक्रमण करणारा आणि जो फुकट वापरतो तो 'नागरिक'! या उलट्या न्यायाला आम्ही वर्गाचा आणि वर्णाचा न्याय म्हणतो.

कोणी म्हणेल, रस्त्यावर नको तर वाहनतळ बांधा, त्यात पथारीवाल्यांचे काय बिघडते? मंडईजवळ वाहनतळ नाहीत असे नाही. जुन्या थिएटरांच्या नावाने लोक आजही ज्यांना 'मिनर्वा' आणि 'आर्यन' म्हणतात, ते दोन वाहनतळ तिथे आहेतच. तरी तक्रार संपली का? संपणारही नाही, कारण दुकानाच्या दारात फुकट जागा मिळण्याची आशा असेपर्यंत पैसे मोजून वाहनतळात गाडी लावायला आणि तिथून चालत यायला कोण राजी होईल? जितके वाहनतळ वाढवाल तितक्या गाड्या पेठेत येतील, आणि त्या गाड्यांना वाट करून द्यायला पुन्हा पथारीवाल्यांवरच नांगर फिरेल. पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या २०१८ च्या सुमारासच आल्या होत्या. एवढ्या गाड्या पोटात घेणारी मंडई जगात कोणी बांधू शकत नाही.

त्याच २०१८ साली पुणे महापालिकेत पार्किंग धोरण मंजूर झाले. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा, सुरुवात मोजक्या पाच रस्त्यांपासून करू, इतकीच त्यात बात होती. पण मोटारवाल्याच्या खिशाला हात लागणार म्हणताच सर्वपक्षीय गलका झाला आणि धोरण कागदावर पडून राहिले. पाच रस्त्यांवर गाडीवाल्याकडून पैसे घ्यायचे धाडस ज्या व्यवस्थेला झाले नाही, तीच व्यवस्था पाटीवाल्या बाईला एका सकाळीत हटवताना जराही कचरत नाही. धाडस कोणापुढे दाखवायचे आणि कोणापुढे शेपूट घालायची, हे या व्यवस्थेला जातीने शिकवलेले आहे.

आता कायद्याचे पाहू. बाबासाहेबांची लेकरे भावनेवर लढत नाहीत, कायदा वाचून लढतात. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा प्रत्येक कार्यकर्त्याने खिशात ठेवावा असा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रेत्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. हटवायचे किंवा हलवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो, टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत. याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तर आजच्या वादाचे थेट उत्तर आहे. चालू असलेला बाजार किंवा सर्वेक्षणात नोंदलेला नैसर्गिक बाजार 'ना फेरीवाला क्षेत्र' जाहीर करता येणार नाही. गर्दी हे कारण देऊन कोणतीही जागा 'ना फेरीवाला' करता येणार नाही. अस्वच्छतेचे कारणही चालणार नाही, ती अस्वच्छता केवळ विक्रेत्यांमुळेच आहे आणि पालिकेच्या योग्य उपायांनीही ती दूर होत नाही असे दिसल्याशिवाय. म्हणजे 'गर्दी होते' आणि 'घाण होते' ही जी दोन हत्यारे नूतनीकरणवाले वापरतात, ती संसदेने २०१४ मध्येच बोथट केली आहेत. ती आजही चालतात, कारण समोरच्याने कायदा वाचलेला नाही असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

त्याही आधी संविधान आहे. रस्त्यावर विक्री करून पोट भरणे हा अनुच्छेद १९(१)(छ) खाली येणारा व्यवसायाचा मूलभूत हक्क आहे, वाजवी निर्बंधांसह, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात मान्य केले. आणि अनुच्छेद १५(२) काय सांगतो? सरकारी निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. त्या यादीत तलावाशेजारी 'रस्ते' हा शब्द का आहे, हे ज्याला समजले त्याला महाड समजले. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले, तरी २० मार्च १९२७ पर्यंत ते कागदावरच खुले होते. सार्वजनिक पैशाची जागा सर्वांची असते, हे बाबासाहेबांना ओंजळीने सिद्ध करावे लागले. मंडईभोवतीचा रस्ताही सार्वजनिक पैशाचाच आहे. तो मोटार बाळगणाऱ्याचा जास्त आणि पाटी बाळगणारीचा कमी, हे कोणत्या ठरावाने ठरले?

आपल्यातले काही जण विचारतील, भाजीवाले काय फक्त दलित आहेत का? यात माळी आहेत, मराठा आहेत, मुसलमान आहेत, परप्रांतीय आहेत. मग हा आंबेडकरी प्रश्न कसा? याला आमचे उत्तर सरळ आहे. बाजारात कोण बसतो आणि कोण बसू शकत नाही, हाच मुळात जातीचा प्रश्न आहे. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच्या हातची भाजी, दूध, खाद्यपदार्थ कोण घेणार होते? १९१७ नंतर मुंबईत बाबासाहेबांनी शेअर-रोख्यांचा सल्ला देणारी पेढी काढली, तेव्हा सल्ला देणाऱ्याची जात कळताच गिऱ्हाईक आटले. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही गत, तर साध्या पाटीवालीची काय कथा! बाजार जात पाहत नाही, पैसा पाहतो, असे सांगणाऱ्यांनी मंडईतल्या कामांची विभागणी पाहावी. ओट्यावर कोण, ओझ्याखाली कोण आणि रात्री बाजार उठल्यावर कुजलेला पाला उपसायला कोण?

तो पाला उपसणारा नूतनीकरणाच्या कोणत्या नकाशात असतो? नकाशात दगडी मनोरा असतो, रोषणाई असते, खाऊगल्ली असते, गाड्यांचे मजले असतात. सफाई कामगाराला कपडे बदलायला खोली, हातपाय धुवायला पाणी, बाईमाणसाला शौचालय, ओला कचरा जागीच जिरवायची सोय, हे शोधून सापडत नाही. हमालाला पाठ टेकायला जागा सापडत नाही. ज्या पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, ज्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तिथे मंडईचा आराखडा हमालाला विसरतो आणि मोटारीच्या वळणाची त्रिज्या मात्र अचूक मोजतो! दिवसभर बसणाऱ्या बाया लघवी लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, हे बाजारातल्या कोणत्याही मावशीला विचारा. पार्किंगपेक्षा ही 'समस्या' मोठी आहे.

नूतनीकरणाचा आणखी एक गोंडस चेहरा म्हणजे 'शेतकरी ते थेट ग्राहक'. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शहरोशहरी शेतकरी आठवडी बाजारांचा बोलबाला झाला. मधला दलाल जावा, याला आमचा विरोध कसा असेल? पण शेतकरी कोण, हे ठरवायला सातबारा मागितला की आपली माणसे यादीबाहेर जातात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच सातबाऱ्यासाठी. जमीन मिळाली नाही म्हणून मजुरी, गावात मजुरी नाही म्हणून शहर, शहरात नोकरी नाही म्हणून पाटी. आता पाटीलाही 'तू शेतकरी नाहीस' म्हणायचे? आणि ज्या बाईने आयुष्यभर रान खुरपले पण जिचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही, ती कोण? थेट विक्रीचा बाजार भरवा, पण सातबारा नसलेल्यांच्या मानेवर पाय देऊन नको.

आमचा विरोध नूतनीकरणाला नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. छप्पर गळते ते दुरुस्त झालेच पाहिजे, विजेच्या तारा लोंबतात त्या बदलल्याच पाहिजेत, आगीपासून सुरक्षितता हवीच. गाडीचाही आम्ही सरसकट द्वेष करत नाही. माल आणणारा टेम्पो, हातगाडी, रिक्षा, अपंग आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणारे वाहन, यांना जागा हवी आणि ती पहिली हवी. टेम्पोला माल उतरवायला पहाटेची वेळ राखून द्या. बाकीच्यांनी वाहनतळात पैसे भरून गाडी लावावी, आणि तो पैसा मंडईच्या शौचालयांवर, पाण्यावर, सफाई कामगारांवर खर्च व्हावा. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट मंडईच्या पोटात येऊन थांबते. जमिनीखाली एवढा खर्च करून स्थानक बांधल्यावर जमिनीवर पुन्हा गाड्यांनाच पायघड्या घालायच्या, तर मेट्रो बांधली कशाला? मेट्रोतून उतरलेला माणूस पायी वर येतो, आणि पायी चालणाऱ्यालाच पाटीवरची मेथीची जुडी दिसते. मोटारवाला तर मॉलमध्येही जातो. मंडई जगवली आहे ती पायी येणाऱ्याने.

म्हणून साथींनो, फेसबुकवर हळहळून चालणार नाही. आपापल्या शहरातल्या मंडईसाठी माहितीच्या अधिकारात पुढचे प्रश्न टाका. पथविक्रेत्यांचे शेवटचे सर्वेक्षण कधी झाले? कायद्याने ते पाच वर्षांतून एकदा व्हायलाच हवे. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे ४० टक्के निवडून आलेले प्रतिनिधी आहेत का? त्यांत एक तृतीयांश महिला आहेत का? अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक आणि अपंग यांना त्यात कायद्याने सांगितलेले प्रतिनिधित्व आहे का? मंडईतले गाळे आणि ओटे कोणाच्या नावावर आहेत, किती हस्तांतरित झाले, अनुसूचित जाती-जमातींकडे त्यांतले किती आहेत? नूतनीकरणाच्या काळात विक्रेते कुठे बसणार, परत किती जणांना आणणार, हे लेखी कुठे आहे? एकूण खर्चातला किती पैसा वाहनांवर आणि किती माणसांवर? उत्तर आले तर ते घेऊन पथाऱ्यांवर जा, वाचून दाखवा. उत्तर आले नाही तर अपिलात जा. पथारीवाल्यांची संघटना असेल तिच्यासोबत उभे राहा, नसेल तर बांधा.

११ एप्रिलला जोतिरावांच्या जयंतीला मंडईत हार घालायला सगळे पक्ष येतात. त्या दिवशी त्यांच्या हातात हाराऐवजी हे प्रश्न द्या. ज्याने व्हाइसरॉयच्या शोभेसाठी हजार रुपये द्यायला नकार दिला, त्याच्या नावाच्या मंडईत मोटारींच्या शोभेसाठी किती कोटी आणि किती संसार द्यायचे ठरवले आहे, याचे उत्तर त्यांनी तिथेच, पथारीवाल्या बायांसमोर द्यावे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा ही घोषणा सभागृहातल्या टाळ्यांसाठी नाही. ती रस्त्यावरच्या वीस चौरस फुटांसाठीही आहे.

जय जोती! जय भीम!